मीन व्हॅल्यू थिअरम: क सापडला, आता पुढे काय?

बारावीला मीन व्हॅल्यू थिअरमची गणितं बहुतेक एकाच छापाची असतात. फंक्शन दिलंय, इंटरव्हल दिलाय, थिअरम ज्या मधल्या बिंदूची हमी देतो तो क काढा. पोरं क काढतात, मार्क मिळतात, विषय संपतो. आणि मग बीएस्सीला किंवा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला तोच थिअरम जिथे तिथे दिसायला लागतो, पण तिथे क कोणी काढतच नाही, नुसतं 'असा एक क आहे' म्हणून पुढे जातात, आणि आपण विचार करत बसतो की अरे पण क किती ते सांगा ना.

माझं म्हणणं असं की या थिअरमची सगळी ताकद क न काढण्यातच आहे. क कुठल्या दोन आकड्यांच्या मध्ये आहे एवढं कळलं तरी भरपूर काम होतं. म्हणून या लेखात क काढायची पद्धत बघू, ती परीक्षेला लागतेच, पण जास्त वेळ त्याच्या पुढच्या गोष्टींना देऊ.

आधी लिहायची पद्धत ठरवून टाकतो म्हणजे गोंधळ नको. फंक्शन म्हणजे फ, चल म्हणजे क्ष, इंटरव्हलची टोकं अ आणि ब, डेरिव्हेटिव्ह म्हणजे फ'. क्ष^२ म्हणजे क्ष चा वर्ग. लॉग जिथे लिहीन तिथे नॅचरल लॉग, आणि कोन सगळे रेडियनमध्ये (हे का, ते पुढे येईलच).

थिअरम काय म्हणतो

फ हे फंक्शन बंद इंटरव्हल [अ, ब] वर कंटिन्युअस असेल आणि खुल्या इंटरव्हल (अ, ब) वर डिफरन्शिएबल असेल, तर अ आणि ब च्या मध्ये निदान एक क असा असतोच की

फ'(क) = [फ(ब) − फ(अ)] ÷ (ब − अ)

उजवी बाजू म्हणजे दोन टोकं जोडणाऱ्या सरळ रेषेचा स्लोप, म्हणजे सरासरी बदलाचा दर. डावी बाजू म्हणजे एका क्षणाचा दर. म्हणजे सरासरी जी काय येते ती मध्ये कुठेतरी एका क्षणी प्रत्यक्षात गाठलेली असते.

समृद्धी महामार्गाचं घ्या. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, लांबी ५२० किलोमीटर, आणि मोटारींना मर्यादा ताशी १२०. आता कोणी मित्र छाती फुगवून सांगतो की नागपूर-शिर्डी बरोबर ४ तासांत मारलं. ५२० भागिले ४ म्हणजे सरासरी १३०. थिअरम सांगतो की निदान एका क्षणी त्याच्या गाडीचा वेग नेमका १३० होता, म्हणजे त्याने मर्यादा मोडलीच. कुठे मोडली, किती वाजता मोडली, काही माहीत नाही आणि माहीत असायची गरजही नाही. आत शिरायची वेळ आणि बाहेर पडायची वेळ, दोन आकडे, बास. मध्ये चहाला थांबला असेल तर अजूनच वाईट, कारण मग उरलेल्या वेळात सरासरी १३० च्या वर गेली. सरासरी वेगावरून चलान काढायची पद्धत याच तर्कावर चालते, मधल्या रस्त्यावर कॅमेरा नव्हता ही सबब तिथे कामाची नाही.

एक बारीक गोष्ट इथेच सांगतो, कारण ती पुस्तकात सहसा नसते. इथे फ म्हणजे रस्त्यावरून कापलेलं अंतर, गाडीच्या मीटरवर दिसतं ते. नकाशावरची जागा नाही. गोल ट्रॅकवर एक फेरी मारून तुम्ही सुरुवातीच्या जागी आलात तर जागेतला एकूण बदल शून्य, पण तुम्ही एकदाही थांबलेला नाही. म्हणजे दोन-तीन दिशांच्या हालचालीला, व्हेक्टरला, हा थिअरम जसाच्या तसा लागत नाही. एका आकड्याच्या फंक्शनलाच लागतो.

पायरी पहिली: अटी तपासा, आणि खरंच तपासा

बोर्डाच्या पेपरात 'पॉलिनॉमियल आहे म्हणून कंटिन्युअस आणि डिफरन्शिएबल' हे वाक्य सगळे पाठ लिहितात. पॉलिनॉमियलला ते बरोबरच आहे. साइन, कोसाइन, ई^क्ष यांनाही सगळीकडे चालतं. लॉग फक्त शून्याच्या वर. पण बाकी ठिकाणी डोळे उघडे ठेवायचे, मॉड दिसला, ग्रेटेस्ट इंटिजर दिसलं, भागाकारात क्ष दिसला, किंवा घातांक अपूर्णांकात दिसला की थांबा.

|क्ष| घ्या, इंटरव्हल [−१, २]. टोकांचा स्लोप (२ − १) ÷ ३ = १/३. पण |क्ष| चा डेरिव्हेटिव्ह एकतर १ नाहीतर −१, आणि शून्यावर नाहीच. १/३ कुठून येणार. एकाच बिंदूवर टोक निघालं आणि थिअरम गेला.

१/क्ष घ्या, [−१, १] वर. स्लोप येतो [१ − (−१)] ÷ २ = १. डेरिव्हेटिव्ह −१/क्ष^२, कायम निगेटिव्ह. इथे फंक्शन शून्यावर तुटलेलंच आहे.

आता प्रश्न पडतो की कंटिन्युअस बंद इंटरव्हलवर आणि डिफरन्शिएबल मात्र खुल्यावर, असा फरक कशाला. √क्ष घ्या, [०, ४] वर. शून्यावर ग्राफ उभा चढतो, तिथे डेरिव्हेटिव्ह नाही. तरी थिअरम चालतो: स्लोप २/४ = १/२, आणि १ ÷ (२√क) = १/२ म्हणजे क = १. टोकावर डेरिव्हेटिव्हची गरजच नसते म्हणून ती अट मागत नाहीत. टोकावर कंटिन्युअस असणं मात्र लागतं, नाहीतर टोकाचा एक बिंदू उचलून कुठेही नेऊन ठेवता येईल आणि स्लोप हवा तसा बदलता येईल.

आणि एमसीक्यूवाले ज्यावर हमखास पाडतात ती गोष्ट: अटी मोडल्या म्हणजे क नसतोच असं नाही. क्ष^(१/३) घ्या, [−१, १] वर. शून्यावर डिफरन्शिएबल नाही, म्हणजे अट मोडली. पण स्लोप १ येतो, आणि (१/३) क^(−२/३) = १ सोडवलं तर क साधारण ±०.१९२, दोन्ही आत. तर 'थिअरम लागू होतो का' आणि 'असा क आहे का' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर नाही, दुसऱ्याचं हो.

पायरी दुसरी: क काढणे

हे लवकर उरकतो. फ(क्ष) = क्ष^३ − क्ष, इंटरव्हल [०, २].

फ(०) = ०, फ(२) = ६, स्लोप ६/२ = ३. फ'(क्ष) = ३क्ष^२ − १. म्हणून ३क^२ − १ = ३, क^२ = ४/३, क = ±२/√३, म्हणजे ±१.१५५ च्या आसपास. मायनसवालं (०, २) मध्ये नाही, सोडून द्या. उत्तर क = २/√३. शेवटी 'हा क (०, २) मध्ये आहे म्हणून थिअरम पडताळला' हे एक वाक्य लिहायचं. ते वाक्य नसलं की मार्क जातात, आणि टोकाचा बिंदू क म्हणून लिहिला तरी जातात, कारण क कडक आत असावा लागतो.

दोन शॉर्टकट लक्षात ठेवण्यासारखे आहेत. क्वाड्रॅटिक असेल तर क नेहमी बरोबर मध्यबिंदू, (अ + ब)/२, कुठलंही क्वाड्रॅटिक असो, सोडवत बसू नका. (प·क्ष^२ + … असं घेऊन एकदा स्वतः करून बघा, दोन ओळींत येतं.) आणि १/क्ष असेल, अ आणि ब दोन्ही पॉझिटिव्ह, तर क = √(अब), म्हणजे भूमितीय मध्य. लॉग घेतला तर क = (ब − अ) ÷ (लॉग ब − लॉग अ), आणि हा आकडा नेहमी √(अब) आणि (अ + ब)/२ यांच्या मध्ये पडतो. मला हे फार आवडतं, एकाच थिअरममधून फंक्शन बदललं की वेगवेगळ्या जातीच्या सरासऱ्या बाहेर पडतात.

हे खरं का असतं

प्रूफ पाठ करायचं नसेल तरी समजून घ्या, कारण यातली एक युक्ती पुढे पन्नास ठिकाणी लागते.

आधी सोपा प्रकार, रोलचा थिअरम: दोन्ही टोकांना किंमत सारखी, फ(अ) = फ(ब), तर मध्ये कुठेतरी फ' शून्य. कारण बंद इंटरव्हलवर कंटिन्युअस फंक्शनला सर्वात मोठी आणि सर्वात छोटी किंमत मिळतेच. दोन्ही टोकांवरच असतील तर फंक्शन सपाट आहे, सगळीकडेच डेरिव्हेटिव्ह शून्य. नाहीतर दोघांपैकी एक तरी आत आहे. समजा कमाल आत आहे. तिच्या डावीकडून बघितलं तर ग्राफ तिथवर चढत आलाय म्हणजे स्लोप निगेटिव्ह असू शकत नाही, उजवीकडून बघितलं तर खाली जातोय म्हणजे पॉझिटिव्ह असू शकत नाही. डेरिव्हेटिव्ह आहे हे तर दिलेलंच आहे, मग तो शून्यच.

आता टोकांच्या किंमती सारख्या नसतील तर? ग्राफचा कागद तिरका धरा. म्हणजे दोन टोकं जोडणारी रेषा फ मधून वजा करा:

ग(क्ष) = फ(क्ष) − फ(अ) − म(क्ष − अ), जिथे म म्हणजे टोकांचा स्लोप.

ग(अ) शून्य, ग(ब) पण शून्य, टाकून बघा. रोल लावा, कुठेतरी ग'(क) = ०, म्हणजे फ'(क) − म = ०. झालं. 'सोयीचं नवीन फंक्शन बनवा आणि त्याला रोल लावा' ही ती युक्ती. जेईई अ‍ॅडव्हान्स्डच्या अवघड वाटणाऱ्या प्रश्नांत पुष्कळदा एवढंच करायचं असतं. उदाहरणार्थ 'फ(क) + क·फ'(क) = ० असा क आहे हे दाखवा' असं आलं की ओळखायचं, हा क्ष·फ(क्ष) चा डेरिव्हेटिव्ह आहे. 'फ'(क) + फ(क) = ०' आलं की ई^क्ष·फ(क्ष).

जाता जाता थोडा इतिहास. मिशेल रोल हा फ्रेंच गणिती, त्याने १६९१ मध्ये हे फक्त पॉलिनॉमियलसाठी आणि बीजगणिताने दाखवलं, आणि गंमत म्हणजे तेव्हाच्या नव्या कॅल्क्युलसला तो चांगलाच विरोध करत होता. ज्या विषयावर टीका केली त्याच विषयाच्या पुस्तकात नाव अजरामर. लाग्रांजचं नाव थिअरमला अठराव्या शतकाच्या शेवटच्या कामामुळे लागलं आणि आजच्या वळणाची मांडणी कोशीची, १८२३ ची. आपल्याकडे भास्कराचार्यांनी ११५० च्या सिद्धांतशिरोमणीत ग्रहाची तात्कालिक गती मांडली आणि जिथे फल (ग्रहाच्या सरासरी जागेत करायची दुरुस्ती) सर्वात जास्त तिथे त्यातला बदल शून्य, असंही नोंदवलं. पुढे केरळच्या परमेश्वर नावाच्या गणितीने पंधराव्या शतकात साइनच्या उलट्या फंक्शनसाठी मीन व्हॅल्यूच्या जातीचं सूत्र वापरलं. व्हॉट्सअ‍ॅपवर याचं 'हा थिअरम आपणच शोधला' असं होतं, ते ताणलेलं आहे, सर्वसाधारण फंक्शन, अटी, प्रूफ हे सगळं तिथे नव्हतं. पण विचाराचं बीज होतं, आणि तेवढंही कौतुकाचंच आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे, पाटणादेवीला गेलात तर विचारा.

पायरी तिसरी: असमानता, म्हणजे खरा उपयोग

आता मुद्द्यावर. थिअरम असा फिरवून लिहा:

फ(ब) − फ(अ) = फ'(क) × (ब − अ)

या रूपातच तो कामाचा आहे. डावीकडे फंक्शनच्या दोन किंमतींतला फरक, जो आपल्याला माहीत नाही. उजवीकडे डेरिव्हेटिव्ह, जो सहसा सोपा असतो, पण क माहीत नाही. चालेल. अ < क < ब एवढं माहीत आहे ना, मग फ'(क) ला वरून आणि खालून दाबा.

√१०१ काढू, कॅल्क्युलेटरशिवाय. फ = √क्ष, इंटरव्हल [१००, १०१].

√१०१ − १० = १ ÷ (२√क), क हा १०० आणि १०१ च्या मध्ये.

क > १०० म्हणून √क > १०, म्हणून उजवी बाजू १/२० = ०.०५ पेक्षा लहान. म्हणजे √१०१ < १०.०५. आता खालची बाजू. क < १०१, तर √क < √१०१, आणि √१०१ < १०.०५ हे आत्ताच मिळालं, तेच वापरा: उजवी बाजू १ ÷ २०.१ = ०.०४९७५१… पेक्षा मोठी. म्हणजे

१०.०४९७५१ < √१०१ < १०.०५

खरी किंमत १०.०४९८७५६ च्या जवळ. दोन टोकांची सरासरी काढून बघा, पहिले सात दशांश जुळतात. क किती आहे हे एकदाही विचारलं नाही. आणि नुसतं 'अंदाजे १०.०५' म्हणण्यात आणि हे करण्यात फरक हा की इथे चूक जास्तीत जास्त किती याची हमी आहे. अ‍ॅप्रॉक्सिमेशनच्या धड्यात ती हमी कोणी देत नाही.

दुसरं, क्लासिक: क्ष > ० साठी क्ष ÷ (१ + क्ष) < लॉग(१ + क्ष) < क्ष. असं दिसलं की आधी फरक शोधायचा. लॉग(१ + क्ष) मध्ये फरक कुठे दिसतोय? लॉग १ शून्य असतो, म्हणून हा लॉग(१ + क्ष) − लॉग १ आहे. बस, लॉगला [१, १ + क्ष] वर थिअरम लावा: लॉग(१ + क्ष) = क्ष ÷ क, आणि १ < क < १ + क्ष. भागाकार उलटा करा, दोन्ही बाजू मिळाल्या. बहुतेक असमानतांमध्ये असा लपलेला शून्य किंवा लपलेला एक असतो, तो दिसला की निम्मं काम झालं.

यातूनच पुढचं बघा, मला हे सगळ्यात भारी वाटतं. लॉगला [न, न + १] वर लावा, इथे न म्हणजे कुठलाही पॉझिटिव्ह पूर्णांक: लॉग(न + १) − लॉग न = १/क, क हा न आणि न + १ च्या मध्ये. म्हणजे हा फरक १/न पेक्षा लहान आणि १/(न + १) पेक्षा मोठा. आता न = १, २, ३ असं करत बेरीज मारत जा, डावीकडे सगळं एकमेकांत कटतं. १ + १/२ + १/३ + … ही बेरीज १० लाख पदांपर्यंत किती? १० लाख म्हणजे १०^६, लॉग १० म्हणजे २.३०२६, सहाने गुणा, १३.८२ च्या जवळपास. थिअरम सांगतो की बेरीज १३.८१ आणि १४.८२ च्या मध्ये. दहा लाख अपूर्णांक, एकही बेरीज न करता. (खरी किंमत १४.३९ च्या आसपास.) आणि लॉग कितीही वाढत जातो म्हणून ही बेरीजही कितीही वाढते, फक्त गोगलगायीच्या वेगाने, हे त्यातच सिद्ध झालं.

साइनचं तर एका ओळीचं आहे: कोसाइनची किंमत −१ ते १ मध्येच, म्हणून |साइन ब − साइन अ| ≤ |ब − अ|. पण इथेच रेडियनचा घोळ होतो. साइन ३१° काढताना ब − अ = १ लिहिलंत तर उत्तर ०.५ + ०.८६ च्या घरात येतं, साइन एकाच्या वर! १° म्हणजे ०.०१७४५ रेडियन, ते लिहा, मग साइन ३१° हा ०.५१५१२ पेक्षा किंचित कमी असं नीट येतं.

आता एक खाचखळगा. ई^क्ष ≥ १ + क्ष दाखवा म्हटलं की लोक [०, क्ष] घेतात आणि मोकळे होतात. पण क्ष निगेटिव्ह असेल तर असा इंटरव्हलच नाही. तेव्हा [क्ष, ०] घ्यायचा: १ − ई^क्ष = ई^क × (−क्ष). क निगेटिव्ह म्हणून ई^क < १, आणि −क्ष पॉझिटिव्ह, म्हणून १ − ई^क्ष < −क्ष, म्हणजे ई^क्ष > १ + क्ष. उत्तर तेच आलं, पण रस्ता वेगळा. असमानतेत निगेटिव्हने गुणताना चिन्ह उलटतं हे सातवीचं ज्ञान इथे पदवीच्या पोरांना दगा देतं.

आणखी एक प्रकार येतो, ज्यात फंक्शन दिलेलंच नसतं: फ(२) = ७, आणि सगळीकडे −१ ≤ फ' ≤ ३, तर फ(६) कुठल्या मर्यादेत? फ(६) − ७ = ४ × फ'(क), हे −४ ते १२ मध्ये, म्हणून फ(६) हा ३ ते १९ मध्ये. संपलं.

डेरिव्हेटिव्ह शून्य म्हणजे कॉन्स्टंट, पण…

फ' सगळीकडे शून्य असेल तर फ कॉन्स्टंट. हे इतकं उघड वाटतं की प्रूफ लागतं असंही वाटत नाही. पण लागतं, आणि ते मीन व्हॅल्यूनेच येतं: कुठलेही दोन बिंदू घ्या, फ(ब) − फ(अ) = ० × (ब − अ) = ०. इंटिग्रेशनमधलं आपलं लाडकं '+ कॉन्स्टंट' यावरच उभं आहे. फ' > ० असेल तर फ वाढतं, हेही तसंच.

अट मात्र एक, की दोन बिंदूंच्या मधला सगळा रस्ता डोमेनमध्ये हवा. टॅन इन्व्हर्स क्ष + टॅन इन्व्हर्स (१/क्ष) घ्या. डेरिव्हेटिव्ह काढा, शून्य येतो. मग कॉन्स्टंट? क्ष = १ टाकलं तर पाय/२, क्ष = −१ टाकलं तर −पाय/२. दोन वेगळे कॉन्स्टंट, कारण शून्यावर डोमेन तुटलंय आणि एका तुकड्यातून दुसऱ्यात जायला रस्ताच नाही. −१/क्ष चंही तेच, डेरिव्हेटिव्ह १/क्ष^२ कायम पॉझिटिव्ह, तरी −१ वर किंमत १ आणि १ वर किंमत −१. 'वाढतं फंक्शन' म्हणून मोकळं होण्याआधी डोमेन बघत चला.

मुळं मोजणे

क्ष^५ + ४क्ष − १ = ० ला खरी मुळं किती? सोडवता येत नाही, पण मोजता येतात. फ(०) = −१, फ(१) = ४, चिन्ह बदललं म्हणजे मध्ये एक तरी मूळ आहे. दोन असती तर त्या दोघांच्या मध्ये रोलने फ' शून्य झाला असता, पण ५क्ष^४ + ४ कधीच शून्य होत नाही. म्हणून एकच. हाच नियम थोडा ताणला तर: फ' ला जितकी मुळं, त्यापेक्षा जास्तीत जास्त एक जास्त फ ला. (इथेही फंक्शन एका सलग इंटरव्हलवर हवं, वरचं आठवा.)

कोशीवाला प्रकार

दोन फंक्शनं असतील, फ आणि ग, आणि [फ(ब) − फ(अ)] ÷ [ग(ब) − ग(अ)] = फ'(क) ÷ ग'(क) दाखवायचं असेल, तर दोघांना वेगवेगळा थिअरम लावून भागाकार करू नका. दोन्हीकडचे क वेगळे निघतात. क्ष^२ आणि क्ष^३ घ्या, [०, १] वर: पहिल्याचा क १/२, दुसऱ्याचा १/√३. कोशीचा क मात्र २क ÷ ३क^२ = १ वरून २/३, तिसराच! प्रूफ परत तेच, सोयीचं फंक्शन बनवून रोल. लॉपितालचा नियम यातून येतो, त्यासाठी वेगळा लेख लागेल.

हात बसायला

करून बघा, उत्तरं सोबत देतो पण आधी झाकून ठेवा. क्ष^२ − ४क्ष + ७ चा [१, ५] वर क: डेरिव्हेटिव्ह न काढता सांगा (३). |क्ष − २| ला [०, ४] वर रोल लागतो का: नाही, आणि शून्य डेरिव्हेटिव्हचा बिंदूही नाही. क्ष > ० साठी √(१ + क्ष) < १ + क्ष/२: लपलेला √१ शोधा. ३क्ष + साइन क्ष = २ ला मुळं किती: एक, ० आणि १ च्या मध्ये, कारण ३ + कोसाइन क्ष कायम पॉझिटिव्ह. आणि थोडं विचार करायला लावणारं: फ(०) = ०, फ(१) = १, फ डिफरन्शिएबल, तर दोन वेगळे बिंदू क आणि ड असे दाखवा की १/फ'(क) + १/फ'(ड) = २. इथे एकाच इंटरव्हलवर थिअरम लावून काही होत नाही. फ ची किंमत १/२ जिथे होते तो बिंदू घ्या, त्याला प म्हणा (कंटिन्युअस असल्यामुळे तो आहेच), आणि [०, प] आणि [प, १] वर वेगवेगळा थिअरम लावा: फ'(क) = १ ÷ (२प), फ'(ड) = १ ÷ [२(१ − प)]. उलटे करून बेरीज केली की प निघून जातो.